वर्गणी पालकांची, यादी शाळेची

जून महिन्यात शाळेची फी भरताना पावतीवरच्या सगळ्या ओळी सहसा कुणी वाचत नाही. शिक्षण शुल्क, सत्र शुल्क, संगणक, ग्रंथालय, ओळखपत्र अशा रकमांच्या गर्दीत तळाशी कुठेतरी ‘पीटीए’ अशी एक ओळ असते. वरच्या हजारांच्या आकड्यांपुढे ती रक्कम इतकी किरकोळ, की तिच्याबद्दल विचारायला गेलेला पालकच चिकट ठरावा. पण ती भरली की खासगी शाळेतल्या मुलाचा पालक एका संघाचा सभासद झालेला असतो. त्यासाठी अर्ज नाही, कुणाची शिफारस नाही आणि ‘मला नको’ म्हणायची सोयही नाही. महाराष्ट्रात कायदाच तसा आहे.

महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ हे त्या कायद्याचे नाव. विधिमंडळात मंजूर झाल्यावर तो राष्ट्रपतींच्या संमतीसाठी थांबला आणि अमलात यायला २०१४ साल उजाडले. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षक संघ, म्हणजेच पीटीए, स्थापन करायचा. शाळेतला प्रत्येक शिक्षक आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक हा त्याचा सभासद. वर्गणी शहरी भागात वर्षाला ५० रुपये, ग्रामीण भागात २० रुपये. मग इच्छुक पालकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडायची. अध्यक्षपदी मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांमधला, सचिव शिक्षकांमधला, सहसचिव पुन्हा पालकांमधले, आणि प्रत्येक इयत्तेमागे एक पालक व एक शिक्षक. समितीची मुदत एकच शैक्षणिक वर्ष. वर्गणीचा आकडा थेट कायद्यात लिहिला, हे विधिमंडळाने चांगले केले. तो शाळांवर सोपवला असता तर आज पीटीएच्या नावाखाली काय काय वसूल झाले असते, याची कल्पना फीच्या पावत्या जपून ठेवणाऱ्या कुणालाही येईल.

या समितीचे काम स्नेहसंमेलनाला नारळ फोडण्यापुरते नाही. पुढच्या वर्षाची फी किती असावी याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने सहा महिने आधी याच समितीपुढे मांडायचा असतो. इमारतीचे भाडे, पगार, प्रयोगशाळा, मैदान यांचा हिशेब बघून समितीने तो मान्य करायचा, कमी करायचा किंवा नाकारायचा. कागदावर पाहिले तर पालकाच्या हाती इतकी सत्ता देणारी रचना देशात फार ठिकाणी सापडणार नाही.

घोडे पेंड खाते ते पुढे. वर्गणी भरून सभासद झालेल्या पालकाला बाकीचे सभासद कोण, हे कळायला मार्ग नाही. कार्यकारी समितीची यादी फलकावर लावायची तरतूद आहे. पण ज्या शेकडो, कधी हजारो पालकांच्या नावाने ती समिती बसते, त्यांची यादी सभासदांना दाखवावी असे कलम या कायद्यात नाही. शाळेच्या कार्यालयात जाऊन ‘सहावी ब च्या पालकांची नावे आणि नंबर मिळतील का?’ असे विचारले, तर ‘तशी माहिती देता येत नाही’ हे उत्तर मिळते, आणि विचारणारा कोणत्या मुलाचा पालक आहे याची नोंद मात्र मनातल्या मनात होते.

हेच गृहस्थ संध्याकाळी घरी येतात तेव्हा ते आणखी एका संघाचे सभासद असतात, आपल्या गृहनिर्माण संस्थेचे. तिथे चित्र उलटे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३८ नुसार संस्थेने सभासदांची नोंदवही ठेवलीच पाहिजे आणि कुठलाही सभासद कार्यालयीन वेळेत जाऊन ती फुकट पाहू शकतो. सोसायटीच्या राजकारणात थोडेफार मुरलेल्या माणसाला सभासदांच्या नोंदीचे ‘आय’ आणि ‘जे’ नमुने तोंडपाठ असतात. कंपनीच्या भागधारकालाही सभासदांची नोंदवही पाहण्याचा हक्क कंपनी कायद्याने दिला आहे. मतदार यादी तर भिंतीवर लागते. म्हणजे पाण्याच्या टाकीवरून भांडणाऱ्या ४० फ्लॅटधारकांना एकमेकांची नावे पाहण्याचा हक्क, आणि पोटच्या पोरांच्या शिक्षणासाठी एकत्र आलेल्या १,६०० पालकांना तो नाही.

हा नुसता गैरसोयीचा मुद्दा असता तर त्यावर वर्तमानपत्राची जागा खर्ची घालायचे कारण नव्हते. पण २०१८-१९ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. शाळेच्या फीविरुद्ध विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागायची तर शाळेतले किमान २५ टक्के पालक एकत्र असले पाहिजेत, अशी अट आली. एकट्यादुकट्या पालकाने केलेल्या तक्रारीला दरवाजा बंद. दुरुस्तीमागचा विचार समजण्याजोगा आहे. चार तापट पालकांनी उठावे आणि शाळेला वर्षभर समितीपुढे खेटे घालायला लावावेत, हे कुणालाच नको. मात्र, २५ टक्क्यांची अट घालताना हे २५ टक्के एकमेकांना शोधणार कसे, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

हिशेब करून पाहा. १,६०० विद्यार्थ्यांच्या शाळेत २५ टक्के म्हणजे ४०० पालक. साधारण मध्यमवर्गीय पालक आपल्या मुलाच्या वर्गातल्या आठ-दहा घरांना ओळखतो; त्यातली चार मुले एकाच रिक्षाने जातात, दोन एकाच इमारतीत राहतात. त्याच्या मुलाच्या वर दोन इयत्ता आणि खाली तीन इयत्ता शिकणाऱ्या मुलांचे आईबाप त्याला चेहऱ्यानेही माहीत नसतात. अशा माणसाने ४०० सह्या गोळा करायच्या, त्याही फीचा आकडा जाहीर झाल्यावर आणि पहिला हप्ता भरायच्या तारखेच्या आत. पुणे, ठाणे, नवी मुंबई, नाशिकच्या नव्या वस्त्यांतल्या शाळांत तर पालक आठ-दहा किलोमीटरच्या परिघात पांगलेले. सकाळी फाटकापाशी गाडी दोन मिनिटे थांबते, मूल उतरते, गाडी निघून जाते. बऱ्याच शाळांनी तर फाटकापाशी उभे राहायलाही मनाई केली आहे, कारण वाहतूक अडते. ती खरोखर अडतेही.

मग लोक काय करतात? जमेल ते करतात. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांकडे २० आयांचे नंबर असतात. शाळेच्या संगणकापेक्षा ती वही अधिक अद्ययावत असते. शिकवणीच्या ताई दुसऱ्या तुकडीतल्या दोघींची ओळख करून देतात. कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला जमलेल्या चौघी तिथेच एक व्हॉट्सॲप ग्रुप काढतात आणि ‘आपापल्या ओळखीच्यांना ॲड करा’ असा निरोप फिरतो. महिनाभरात सव्वाशे नंबर जमतात, त्यात १० जण मूल दुसऱ्या शाळेत घातलेले, दोन जण गणवेशाचे दुकानदार आणि एक जण शाळेच्या कार्यालयात ग्रुपवरचे सगळे वाचून दाखवणारा. शाळेचा स्वतःचा ग्रुप असतो, पण त्यात फक्त ॲडमिनलाच लिहिता येते. उद्या पांढरे मोजे घालून पाठवा, एवढाच संवाद.

करोनाकाळात हे सारे उघडे पडले. वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आले, मैदान, बस, प्रयोगशाळा बंद राहिल्या आणि फी मात्र पूर्वीसारखीच मागितली जाऊ लागली. तेव्हा शाळाशाळांतून पालकांचे गट तयार झाले. ते तयार करताना ऑनलाइन वर्गाच्या खिडक्यांखाली दिसणारी मुलांची नावे वाचून, समाजमाध्यमांवर आडनावे धुंडाळून पालकांनी एकमेकांना गाठले. १२ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य शासनाने २०२१-२२ च्या फीत १५ टक्के कपातीचा निर्णय काढला. तो शाळेकडून पाळून घ्यायचा म्हटला तरी पुन्हा जोर लागणार तो संख्येचाच, आणि संख्या जमवायची तर नंबर हवेत.

कार्यकारी समितीवर चिठ्ठीने निवडून आलेल्या पालकाची अवस्था तर याहून विचित्र. समजा तो आठवीचा प्रतिनिधी आहे. आठवीच्या पाच तुकड्या, दोनशेच्या वर मुले. या दोनशे घरांच्या वतीने त्याने फीवाढीला हो किंवा नाही म्हणायचे. त्यांचे मत विचारायला त्याच्याकडे ना पत्ता, ना नंबर. मुख्याध्यापकांच्या दालनात चहा-बिस्किटांसमोर बसलेला हा गृहस्थ शेवटी स्वतःचेच मत देतो, आणि ते मत देताना आपले मूल अजून दोन वर्षे याच शाळेत आहे हेही त्याच्या लक्षात असते. वर्ष संपले की समिती बरखास्त, नव्या चिठ्ठ्या, नवे चेहरे. जुन्या समितीने काय मिळवले, कुठे माघार घेतली, हे नव्यांना सांगायलाही कुणी भेटत नाही. दुसऱ्या टोकाला शाळेचे व्यवस्थापन असते. त्यांच्याकडे प्रत्येक घराचा पत्ता, आईचा नंबर, वडिलांचा नंबर, आजोबांचा आणीबाणीचा नंबर, शिवाय फी कधी थकली याचा इतिहास. बरोबरीच्या वाटाघाटी म्हणतात त्या याला म्हणता येणार नाहीत.

पीटीए ही संस्था जिथून आली त्या अमेरिकेत मामला वेगळ्याच दिशेने बिघडलेला आहे. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी ॲलिस मॅक्लेलन बर्नी आणि फीबी ॲपरसन हर्स्ट यांनी वॉशिंग्टनमध्ये मातांची राष्ट्रीय परिषद भरवली, तिचेच पुढे पीटीए झाले. कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असलेल्या दक्षिणेत त्या पालकांना या संघटनेत जागा नव्हती, म्हणून सेलेना स्लोन बटलर यांनी १९२६ मध्ये त्यांची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी केली. दोन्ही एक झाल्या त्या थेट १९७० मध्ये. तिथे सभासदत्व ऐच्छिक आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी सभासदसंख्या सव्वा कोटीच्या आसपास पोचली होती, नंतर ती उतरत गेली. पालक आपणहून वर्गणी भरत नाहीत म्हटल्यावर काहीतरी आमिष हवे, आणि अनेक शाळांत ते आमिष म्हणजे शाळेची डिरेक्टरी. मुलाचे नाव, वर्ग, आईवडिलांची नावे, फोन, ईमेल. पूर्वी छापील पुस्तिका असे, आता ॲप असते. वर्गणी भरा, यादी मिळेल. भरली नाही, तर नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला ऑगस्टमध्ये नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबाला हे लवकरच कळते. मुलीला वर्गातल्या मैत्रिणीकडे खेळायला पाठवायचे तर आधी मैत्रिणीच्या आईशी बोलायला हवे. आईचा नंबर डिरेक्टरीत, आणि डिरेक्टरी पीटीएच्या सभासदांना. दहा-वीस डॉलरचा प्रश्न असतो, नोकरदार घराला तो जाणवतही नाही. पण त्याच शाळेत दोन नोकऱ्या करून घर चालवणारी, इंग्रजी धड न येणारी आईही असते. तिला या यादीची गरज सर्वात जास्त आणि यादीबाहेर राहण्याची शक्यताही तिचीच जास्त. डिरेक्टरी बनवायला स्वयंसेवक राबतात, ॲपचे पैसे भरावे लागतात, हे पीटीएचे म्हणणे खोटे नाही. तेवढा खर्च वेगळा मागावा. ओळखीपाळखीलाच सभासदत्वाचे बक्षीस करून टाकले की ज्यांची कुणाशीच ओळख नाही ते बाहेरच राहतात.

अमेरिकन कायदा या बाबतीत फारसा आडवा येत नाही, हीही गंमत. विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त राखणारा ‘फर्पा’ हा कायदा १९७४ चा. पण नाव, पत्ता, फोन अशी काही माहिती त्याने वेगळी काढली आहे. पालकांना आधी कळवून आणि ‘आमची देऊ नका’ म्हणायची संधी देऊन शाळा ती माहिती इतरांना देऊ शकते. त्यावर २००१ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने कडी केली. केंद्राचा निधी घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी विद्यार्थ्यांची नावे, पत्ते आणि फोन लष्करभरतीच्या अधिकाऱ्यांना मागितल्यास द्यायचे, पालकांनी लेखी नकार दिला नसेल तर. म्हणजे सैन्याच्या भरती अधिकाऱ्याला यादी हक्काने मिळते आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या आईला वर्गणी भरून घ्यावी लागते.

जपानने नेमके आपल्यासारखेच सक्तीचे सभासदत्व वापरून पाहिले आहे, फक्त तिथे ती सक्ती कायद्याची नव्हती, रूढीची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात तिथे पीटीए रुजली आणि मूल शाळेत गेले की पालक आपोआप सभासद, अशी वहिवाट पडली. शाळा नवी यादी परस्पर पीटीएकडे सोपवत असे. २०१४ मध्ये कुमामोतोतल्या एका वडिलांनी ‘मी सभासद झालोच कधी?’ असे विचारत न्यायालय गाठले. २०१७ मध्ये फुकुओका उच्च न्यायालयात तडजोड झाली आणि सभासदत्व ऐच्छिक असल्याचे पालकांना नीट कळवावे, असे ठरले. त्याच वर्षी ३० मेपासून सुधारित वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू झाला. आधी ५,००० पेक्षा कमी लोकांची माहिती बाळगणाऱ्या संस्थांना त्यातून सूट होती. ती गेली आणि गावोगावच्या पीटीए कायद्याच्या कक्षेत आल्या. आता संमतीशिवाय शाळेची यादी पीटीएला देता येत नाही.

जपानचाच दुसरा अनुभव मात्र सावध करणारा आहे. मूळ कायदा २००५ मध्ये पूर्णपणे लागू झाला तेव्हा घाबरलेल्या शाळांनी वर्गाची फोनसाखळीच बंद करायला सुरुवात केली. वादळ आले, शाळा लवकर सुटणार असेल, तर एका पालकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला फोन करायचा, अशी ती जुनी पद्धत. संमती घेऊन ती सहज चालू ठेवता आली असती. यादीच नको म्हणजे कटकट नको, हा सोपा मार्ग निवडला गेला.

तोच सोपा मार्ग आपल्या शाळांना येत्या काळात मोहात पाडणार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळण्याजोगी संमती हवी आणि मुलांच्या बाबतीतल्या कसुरीला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. हा आकडा ऐकून कुठलाही संस्थाचालक कपाटाला कुलूप लावेल. ‘कायद्यानेच देता येत नाही हो’ हे वाक्य पालकांना आता वारंवार ऐकू येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

गोपनीयतेची काळजी खोटी आहे, असे कुणी म्हणू नये. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलाला घेऊन दुसऱ्या शहरात आलेली बाई असते, तिचा पत्ता यादीत छापला जाणे तिच्या जिवावर बेतू शकते. मुलाच्या ताब्यावरून कोर्टात भांडणारे आईबाप असतात. मुलींचे नंबर भलत्यांच्या हाती पडण्याची धास्ती आहे. दहावीचा शेवटचा पेपर होतो न होतो तोच क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात, त्यांना मुलाचे नाव, बोर्ड आणि आईचा मोबाइल सगळे ठाऊक असते, हा तर घराघरातला अनुभव.

पण या शेवटच्या अनुभवातच खरी मेख आहे. पालकांनी पालकांना यादी दिल्याने हे फोन येत नव्हते, कारण तशी यादी अस्तित्वातच नव्हती. मुलांची माहिती आज वाहते आहे ती वेगळ्याच नळांतून. फी भरायचे ॲप, बसचा माग दाखवणारे ॲप, गृहपाठाचे ॲप, स्पर्धा परीक्षांची नोंदणी, स्नेहसंमेलनाचे फोटो विकणारा छायाचित्रकार. शासनाकडे विद्यार्थ्यांच्या नोंदींचे ‘सरल’ आहे, ‘यूडायस प्लस’ आहे, ‘अपार’ क्रमांकाची संमतिपत्रे वर्गशिक्षकांनी पाठपुरावा करून भरून घेतली आहेत. एवढ्या सगळ्यांना माहिती देताना ज्यांच्या कपाळावर आठी पडत नाही, त्यांना गोपनीयता आठवते ती एका पालकाने दुसऱ्याचा नंबर मागितल्यावर. याला चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात.

संमतीची अट तर उलट यादीच्या बाजूने वापरता येते. जूनमध्ये संघ स्थापन होतो तेव्हाच प्रत्येक सभासदाकडून एक साधा फॉर्म भरून घ्यावा: माझे नाव आणि नंबर माझ्या मुलाच्या वर्गातल्या पालकांना द्या, फक्त नाव द्या, काहीच देऊ नका. तीनपैकी एकावर खूण. पत्ता नको, जन्मतारीख नको, फोटो नको, जातधर्म तर नकोच. यादी तुकडीपुरती, वर्ष संपले की रद्द. एखाद्या आईने दर वर्षी तिसऱ्याच चौकोनात खूण केली, तर का, असे तिला कुणी विचारायचे नाही.

यावर कुणी म्हणेल की निम्म्या पालकांनी नकार दिला तर २५ टक्क्यांचा घोळ तसाच राहिला. म्हणून यादीच्या जोडीला आणखी एक सोय हवी, आणि ती यादीहून महत्त्वाची आहे. किमान दहा सभासदांच्या सह्यांचे निवेदन आले तर शाळेने त्यातला एक शब्दही न बदलता ते ठरावीक दिवसांत सर्व पालकांना पोचवलेच पाहिजे. ज्या ॲपवरून फी थकल्याची आठवण पहाटे सहाला येते, त्याच ॲपवरून. यात कुणाचा नंबर कुणाला कळत नाही, डेटा कायद्याला धक्का लागत नाही आणि निरोप मात्र १,६०० घरांत जातो. ज्याला सही करायची त्याने निवेदनावरच्या नंबरशी संपर्क करावा. आक्षेपार्ह मजकुराची भीती असेल तर खाली सह्या आहेतच, जबाबदारी त्या दहा जणांची.

शिक्षकही या संघाचे सभासद आहेत, त्यांचे काय? त्यांचे नंबर यादीत असू नयेत, आणि हे पालकांनीच आधी सांगावे. रात्री ११ वाजता ‘मॅडम, उद्या ड्रॉइंगची वही आणायची का?’ असे विचारणाऱ्या पालकांमुळे कित्येक शिक्षिकांनी दुसरे सिमकार्ड घेतले आहे. त्यांच्याशी बोलायला शाळेची वेळ आहे, डायरी आहे. पालकांच्या ग्रुपांची कीर्तीही काही फार चांगली नाही. दुसरीच्या गणिताच्या पेपरात कुणाला किती पडले याची चौकशी, एखाद्या मुलाच्या खोडीवरून त्याच्या आईची भर ग्रुपमध्ये हजेरी, सुप्रभाताची फुले, राजकारण. शाळांना या गोंगाटाचा वैताग येतो तो रास्त आहे. पण हा गोंगाट यादी नसतानाही चालूच आहे. अधिकृत रस्ता नसल्यामुळे उलट तो अफवांच्या रस्त्याने अधिक जोरात चालतो.

राहिला पैशांचा प्रश्न. अमेरिकेत ‘ज्यांनी वर्गणीच भरली नाही त्यांना यादी फुकट का?’ असे तरी विचारता येते. महाराष्ट्रात तेही विचारता येत नाही, कारण कायद्याने वर्गणी सर्वांकडूनच घेतली जाते. १,६०० मुलांमागे प्रत्येकी एका पालकाचे ५० रुपये धरले तरी वर्षाला ८०,००० रुपये होतात. एवढ्यात फॉर्म छापून होतात, निरोप पोचतात आणि सभेला चहाही होतो. या रकमेचे काय झाले हे सर्वसाधारण सभेत विचारणारे पालक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. विचारायला हवे. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांचे पालक तर बहुतेक ठिकाणी या सगळ्याच्या बाहेर असतात. फी त्यांना भरायची नसते, म्हणून फीच्या चर्चेत त्यांना कुणी धरत नाही, आणि वर्गातल्या ग्रुपमध्येही ते शेवटी पोचतात किंवा पोचतच नाहीत. कायद्यासमोर तेही त्याच संघाचे सभासद आहेत. वर्गाच्या यादीत त्यांची नावे इतरांसारखीच, वर्णानुक्रमाने, कुठलीही खूण न करता यायला हवीत.

अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची गोष्ट निराळी. तिथे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. गावात कुणाचे पोर कुठल्या वर्गात आहे हे पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ठाऊक असते, यादीवाचून तिथे अडत नाही. अडते ते शहरात, जिथे फी जास्त आणि ओळख कमी.

हे बदलायला विधिमंडळाच्या अधिवेशनाची वाट पाहायची गरज नाही. संमतीचा फॉर्म भरून घ्या आणि दहा सह्यांचे निवेदन सर्वांना पोचवा, एवढे शालेय शिक्षण विभागाला एका परिपत्रकात सांगता येईल. एखादी शाळा आपणहून करू म्हणाली तर तिला परिपत्रकाचीही गरज नाही. आणि शाळा करत नसेल, तर चिठ्ठीने सहसचिव झालेल्या पालकांनी पहिल्याच बैठकीत तसा ठराव मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. फॉर्मची एक प्रत कार्यालयात, दुसरी सहसचिवांकडे. पुढच्या जूनमध्ये नव्या चिठ्ठ्या निघतील त्या दिवशी जुन्यांनी कोरा फॉर्म, इतिवृत्ताची वही आणि वर्गणीचा हिशेब नव्यांच्या हाती द्यावा.